लाँचर अडतोय? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मॅकवर ऑप्शन-स्पेस दाबलं की लाँचर, म्हणजे नाव टाइप करून अ‍ॅप किंवा फाइल उघडायची चौकट, कधी उघडतो, कधी नाही. उघडला तरी अलीकडच्या फाइली दाखवत नाही. जुन्या इंटेल मॅकवरून नव्या मॅकवर आल्यापासून एक वर्कफ्लो (लाँचरमधून चालणारी कामांची ठरलेली साखळी) काहीही न सांगता थांबतो. लाँचर काढून पुन्हा टाकला, फरक पडला नाही. कामाच्या विंडोज मशीनवरही शॉर्टकटचा तोच त्रास आहे.

या तिन्ही तक्रारींची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत आणि त्यातलं एकही लाँचरच्या आत नसावं. अल्फ्रेड, रेकास्ट, पॉवरटॉइज रन, फ्लो लाँचर यांपैकी कोणताही घ्या, तो बरंचसं काम दुसऱ्यांकडून करून घेतो. तुम्ही कळा दाबल्याचं त्याला ऑपरेटिंग सिस्टिम सांगते. फाइलींची यादी बहुतेक वेळा सिस्टिमच्याच इंडेक्समधून, म्हणजे फाइलींच्या तयार सूचीतून, येते. काय पाहायचं, काय करायचं याची मुभा परवानग्यांच्या यादीतून मिळते. वर्कफ्लो चालवायला पायथन, नोड किंवा शेल असं स्क्रिप्ट चालवणारं साधन लागतं, तेही बाहेरचंच. म्हणून ‘लाँचर चालत नाही’ इथे न थांबता, या चारांपैकी नेमकं काय त्याच्यापर्यंत पोचत नाही हे शोधायचं.

पुन्हा इन्स्टॉल करून फरक का पडत नाही, तेही यातूनच कळतं. मॅकवर अ‍ॅप कचऱ्यात टाकलं तरी त्याची सेटिंग्ज होम फोल्डरच्या लायब्ररीत, ‘अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट’ आणि ‘प्रेफरन्सेस’मध्ये, तशीच राहतात. विंडोजवर ती ‘अ‍ॅपडेटा’त राहतात. नवा लाँचर आल्याबरोबर तीच सेटिंग्ज उचलतो, आणि इंडेक्स व परवानग्यांना तर तुम्ही हातही लावलेला नसतो.

शॉर्टकटपासून सुरुवात करू. लाँचरच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट तात्पुरता बदला आणि सहसा कोणी वापरत नाही असा ठेवा: मॅकवर कंट्रोल-ऑप्शन-कमांड-के, विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-के. दिवसभर तोच वापरा. दर वेळी चालला तर लाँचर ठीक आहे आणि जुन्या कळांवर दुसऱ्या कुणीतरी हक्क सांगितला आहे. या कळांवर गर्दी आहेच. ऑप्शन-स्पेस हा अल्फ्रेडचा मूळ शॉर्टकट, रेकास्टचाही तोच, आणि चॅटजीपीटीचं मॅकवरचं अ‍ॅपही तोच मागतं. विंडोजवर ऑल्ट-स्पेसची अवस्था त्याहून बिकट. विंडोचा सिस्टिम मेनू उघडण्यासाठी ती जोडी फार पूर्वीपासून राखीव आहे, आणि पॉवरटॉइज रन, फ्लो लाँचर, वॉक्स हे सगळे तिच्यावरच येऊन बसतात. पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचात २०२५ साली आलेल्या कमांड पॅलेट या लाँचरला म्हणूनच की काय, विंडोज-ऑल्ट-स्पेस अशी तीन कळांची जोडणी दिलेली आहे.

‘कधी चालतो, कधी नाही’ हा भाग विंडोजवर तर फार बोलका आहे. तिथे एखादं अ‍ॅप विशिष्ट कळांची नोंदणी मागतं आणि जो पहिला येईल त्याला ती मिळते. मागून येणाऱ्याला १४०९ क्रमांकाची चूक परत मिळते, म्हणजे ‘या कळा आधीच कुणीतरी घेतल्या आहेत’. लॉगिन झाल्यावर अनेक अ‍ॅप्स एकदमच सुरू होत असतात आणि त्यातलं कोण आधी पोचेल याचा नेम नसतो. त्यामुळे सोमवारी शॉर्टकट चालतो, मंगळवारी नाही. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत जा आणि स्वतःचा शॉर्टकट बाळगणारं प्रत्येक अ‍ॅप पाहा: क्लिपबोर्ड सांभाळणारी, स्क्रीनशॉट घेणारी, ग्राफिक्स कार्डाबरोबर येणारी, चॅटची. दोषी सापडला की त्याचा शॉर्टकट बदला. तुमची बोटं लाँचरच्या कळांना सरावलेली असतात, म्हणून माघार दुसऱ्याने घ्यावी असं माझं मत आहे.

विंडोजवर आणखी एक गोष्ट अनेकांना चक्रावून टाकते. शॉर्टकट सगळीकडे चालतो, पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं एखादं अ‍ॅप समोर असलं की मेल्यासारखा होतो. काही लाँचर नोंदणीऐवजी कीबोर्डवर हुक लावून कळा ऐकतात, आणि व्हिस्टापासून विंडोजचा नियम आहे की कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या विंडोत दाबलेल्या कळा ऐकू द्यायच्या नाहीत. हे सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे. अशा अ‍ॅपमध्ये तुमचा बराच वेळ जात असेल तर पॉवरटॉइजही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवता येतं. नसेल तर आधी दुसऱ्या विंडोवर क्लिक करून मग शॉर्टकट दाबणं पुरेसं आहे. पूर्ण स्क्रीनवर काही चालू असताना शॉर्टकट दुर्लक्षित करायचं सेटिंगही पॉवरटॉइज रन आणि फ्लो लाँचर या दोन्हींत आहे. ते चुकून चालू राहिलेलं असू शकतं. आणि रिमोट डेस्कटॉप पूर्ण स्क्रीनवर असेल तर कळा पलीकडच्या मशीनकडे जाताहेत, एवढंच.

मॅकवर वेगळा संशयित आहे. पासवर्डच्या चौकटीत टाइप करताना सिस्टिम ‘सिक्युअर इनपुट’ चालू करते, म्हणजे बाकीच्या अ‍ॅप्सना कळा ऐकू येणं बंद होतं. काम झालं की ते बंद व्हायला हवं, पण कधीकधी एखादं अ‍ॅप ते धरूनच बसतं. मग लाँचरमधले स्निपेट, म्हणजे दोन अक्षरं लिहिली की पूर्ण मजकूर येण्याची सोय, अचानक बंद पडतात. एकच मॉडिफायर कळ (कमांड, ऑप्शन, शिफ्ट यांसारखी) दोनदा दाबून उघडणारा शॉर्टकट असेल तर त्यालाही याचा फटका बसू शकतो. टर्मिनलच्या मेनूतलं ‘सिक्युअर कीबोर्ड एंट्री’ टिक केलेलं आहे का ते आधी पाहा. नसेल तर पासवर्ड मॅनेजर आणि ब्राउझर पूर्ण बंद करून बघा. स्क्रीन लॉक करून पुन्हा आत आल्यानेही पुष्कळदा सुटतं.

आपल्यासारख्या दोन कीबोर्ड ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट हमखास तपासावी. मॅकवर कंट्रोल-स्पेस ही कीबोर्ड बदलायची कळ आहे, विंडोजवर विंडोज-स्पेस, आणि तिथे डावीकडचं ऑल्ट-शिफ्टही भाषा बदलतं. लाँचरच्या शॉर्टकटमध्ये ऑल्ट आणि शिफ्ट दोन्ही असतील तर लाँचर उघडता उघडता कीबोर्ड देवनागरी होतो, तुम्ही ‘सफारी’ रोमनमध्ये लिहायला जाता, चौकटीत भलतीच अक्षरं उमटतात आणि निकाल शून्य. हे इंडेक्सचं दुखणं वाटतं, पण नसतं. अल्फ्रेडमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात ठरावीक कीबोर्ड सक्तीने लावायची सोय आहे, रेकास्टमध्येही इनपुट आपोआप बदलायचं सेटिंग आहे. ते लावून टाका. लाँचर बंद होताच तुमचा मराठी कीबोर्ड परत येतो.

आता फाइली. लाँचर बाजूला ठेवा आणि हरवलेल्या फाइलीचं नाव मॅकच्या स्वतःच्या शोधसोयीत, म्हणजे स्पॉटलाइटमध्ये, थेट शोधा. विंडोजवर स्टार्ट मेनूत शोधा. तिथेही सापडली नाही तर इंडेक्समध्येच ती नाही आणि लाँचर निर्दोष आहे. तिथे सापडते पण लाँचरमध्ये नाही, असं असेल तर मामला लाँचरच्या शोधकक्षेचा किंवा परवानगीचा आहे. ही एक चाचणी तुमचा निम्मा वेळ वाचवेल.

दुसरी शक्यता खरं तर फार साधी आहे, म्हणून ती आधी संपवू. अल्फ्रेड वेग राखण्यासाठी सुरुवातीच्या निकालांत सगळ्या प्रकारच्या फाइली दाखवतच नाही. चौकट उघडून आधी स्पेस दाबा आणि मग नाव लिहा. फाइल लगेच समोर आली तर काहीच बिघडलेलं नाही. पॉवरटॉइज रनमध्ये हेच काम प्रश्नचिन्ह करतं: आधी प्रश्नचिन्ह, मग नाव. खूप जणांचा ‘बिघाड’ इथेच मिटतो. शोधकक्षेत तुमचं फोल्डर आहे की नाही, तेही याच टप्प्यावर पाहून घ्या.

स्पॉटलाइटलाही फाइल सापडत नसेल तर इंडेक्सकडे वळू. मॅकवरचा हा इंडेक्स २००५ पासून, टायगर आवृत्तीपासून आहे; अल्फ्रेडसारखे लाँचर स्वतःचा वेगळा इंडेक्स न बनवता त्यावरच अवलंबून असतात. तुमचं मॅक नवं आहे, म्हणून आधी अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. ‘एमडीएस_स्टोअर्स’ आणि ‘एमडीवर्कर’ या प्रक्रिया प्रोसेसर खात असतील तर इंडेक्स अजून तयार होतोय. मशीन चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवा. नवं मशीन, सिस्टिमचं मोठं अपडेट किंवा मोठी फाइलभरती यांच्यानंतर हे तासन्‌तास चालतं, आणि मध्येच पुन्हा पुन्हा ‘रीबिल्ड’ दाबणारे लोक दर वेळी सुरुवातीपासून काम करायला लावतात.

त्या प्रक्रिया शांत आहेत आणि तरी फाइल गायब, असं असेल तर एकाच फोल्डरचा इंडेक्स नव्याने करून घ्या. सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्पॉटलाइट, तिथे ‘सर्च प्रायव्हसी’, अधिकचं चिन्ह दाबून ते फोल्डर यादीत टाका, थोडं थांबा आणि वजाचं चिन्ह दाबून काढा. यादीत टाकल्यावर त्याची जुनी नोंद पुसली जाते, काढल्यावर नव्याने होते. एका फोल्डरवर गुण आला तरच संपूर्ण डिस्कवर हाच प्रयोग करा. ती यादी उघडलीच आहे तर आणखी एक पाहा: तुमचं कामाचं फोल्डर कधीकाळी कुणी तिथे टाकून ठेवलेलं तर नाही ना? फोल्डरच्या नावाच्या शेवटी ‘.नोइंडेक्स’ असेल तर स्पॉटलाइट ते सोडून देतो. लायब्ररी फोल्डरातल्या गोष्टी नेहमीच्या निकालांत येत नाहीत. आणि क्लाउडवर असलेल्या, पण मशीनवर न उतरवलेल्या फाइलींच्या आतला मजकूर शोधात येईल अशी अपेक्षाच ठेवू नका.

विंडोजवर ‘सर्चिंग विंडोज’ सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे दोन पर्याय आहेत. क्लासिकमध्ये मोजकीच फोल्डरं येतात, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप. डी ड्राइव्हवर काम ठेवणाऱ्याला म्हणूनच काही सापडत नाही. एन्हान्स्ड केलं तर सगळं येतं, पण पहिली फेरी मशीनला दमवते. मधला मार्ग म्हणजे ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये नेमकं फोल्डर जोडणं, आणि मी तोच सुचवेन. फ्लो लाँचरला ‘एव्हरीथिंग’ या शोधयंत्राची जोड दिली असेल तर गोष्ट बदलते: ते विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस डिस्कची मूळ फाइलसूची थेट वाचतं, म्हणून विलक्षण वेगवान आहे. पण ते स्वतः पार्श्वभूमीला चालू असावं लागतं, आणि एक्सफॅट पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरचं फोल्डर त्याला वेगळं सांगावं लागतं. त्याच्या १.५ अल्फा आवृत्तीवर गेल्यावर फ्लो लाँचरचं प्लगइन (जोडप्रोग्राम) जोडलं जात नसेल तर कारण हे, की ती आवृत्ती वेगळ्या नावाने चालते आणि प्लगइन जुन्या नावाने हाक मारत राहतं.

मराठी नावांच्या फाइलींबद्दल एक खास सांगणं. ‘ऱ्या’ हे अक्षर टाइप करायच्या एकाहून जास्त पद्धती आहेत: ‘ऱ’ हे एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, ‘र’ आणि खाली नुक्ता म्हणून, किंवा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरमाला असते. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या नियमाने समान मानल्या जातात, तिसरी नाही. फाइल एका कीबोर्डाने नाव दिलेली आणि शोध दुसऱ्या कीबोर्डाने घेतलेला असेल तर ‘पायऱ्या’ नावाची फाइल समोर असूनही सापडणार नाही. शंका असेल तर ‘पाय’ एवढंच लिहून बघा.

परवानग्यांचा भाग मॅकवर मोजून १० मिनिटांचा आहे. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’ आणि ‘ऑटोमेशन’ या तीन ठिकाणी लाँचर शोधा. २०१८ च्या मोहावेपासून आणि २०१९ च्या कॅटालिनापासून या परवानग्या कडक होत गेल्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स यांनाही आता वेगळी परवानगी लागते. फसवी बाब अशी, की बटण चालू दिसतं पण परवानगी लागू नसते. परवानगी अ‍ॅपच्या डिजिटल सहीशी बांधलेली असते, आणि मशीन बदलल्यावर किंवा दुसरीकडून आणलेली प्रत टाकल्यावर जुनी नोंद निरुपयोगी होऊ शकते. बटण बंद-चालू करून थांबू नका. नोंद निवडून वजाने काढून टाका, लाँचर बंद करा, पुन्हा उघडा आणि परवानगी नव्याने द्या. त्याआधी अ‍ॅप ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ फोल्डरातच आहे याची खात्री करा. डाउनलोड्समधूनच चालवलं तर मॅक ते एका तात्पुरत्या, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवू शकतो, आणि मग अपडेट होत नाही, परवानगीही टिकत नाही. दोन प्रती असतील तर एक काढा.

आता वर्कफ्लो. अल्फ्रेडमध्ये वर्कफ्लो उघडा, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात किड्याचं चित्र आहे त्यावर क्लिक करा आणि मग वर्कफ्लो चालवा. खाली जे उमटतं त्यात उत्तर असतं. १२७ हा कोड दिसला तर त्याला लागणारी आज्ञा सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. ‘बॅड सीपीयू टाइप’ असं आलं तर इंटेलसाठी बनलेला प्रोग्राम जुन्या मशीनवरून सोबत आला आहे आणि नव्यावर रोझेटा (इंटेलचे प्रोग्राम नव्या मॅकवर चालवणारी सोय) नाही.

तुमच्या बाबतीत माझा पहिला अंदाज १२७ चा. इंटेल मॅकवर होमब्रू (टर्मिनलमधली साधनं इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) आपली साधनं ‘/यूएसआर/लोकल’खाली ठेवायचं, अ‍ॅपल सिलिकॉनवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या चिपच्या नव्या मॅकवर, ते ‘/ऑप्ट/होमब्रू’खाली ठेवतं. वर्कफ्लोत जुना पत्ता लिहिलेला असेल तर तिथे आता काहीच नाही. मग लोक म्हणतात, ‘टर्मिनलमध्ये तीच आज्ञा चालते की!’ चालणारच. टर्मिनल उघडताना शेल तुमची ‘.झेडएसएचआरसी’ फाइल वाचतं आणि साधनांचे पत्ते त्यातून उचलतं. लाँचर सुरू करणारा टर्मिनल नसतो, सिस्टिम असते, आणि ती फाइल ती वाचत नाही. त्यामुळे लाँचरला सिस्टिमची मोजकी मूळ फोल्डरं तेवढी ठाऊक असतात. उपाय दोन: स्क्रिप्टमध्ये साधनाचा पूर्ण पत्ता लिहा, किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘पाथ’मध्ये, म्हणजे साधनं शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’ जोडा. दुसरा उपाय मला जास्त पटतो, कारण पुढे तीच स्क्रिप्ट इतर साधनं वापरू लागली तरी ती चालत राहते.

वर्कफ्लो बरीच वर्षं जुना असेल तर दुसरं कारणही पाहा. मॅकओएसमधून पीएचपी २०२१ च्या मॉन्टेरेत गेलं आणि मार्च २०२२ च्या १२.३ आवृत्तीत ‘पायथन २’ गेलं. त्या भरवशावर लिहिलेले कितीतरी चांगले वर्कफ्लो त्या दिवसापासून मुके आहेत. निर्मात्याने पायथन ३ ची आवृत्ती काढली असेल तर ती घ्या. नुसता पायथनचा पत्ता बदलून जुनी स्क्रिप्ट चालेल असं समजू नका. ‘प्रिंट’च्या साध्या ओळीपासून दोघांत फरक आहे. नवा उतरवलेला वर्कफ्लो अडत असेल तर त्यातला प्रोग्राम सिस्टिमने रोखलेला असू शकतो. २०२४ च्या सिकोयापासून कंट्रोल-क्लिक करून असा प्रोग्राम उघडायची पळवाट बंद झाली आहे, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन ‘ओपन एनीवे’ द्यावं लागतं. ज्याचा निर्माता ओळखीचा नाही त्याला ते देऊ नका.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: वेलँडवर (पडद्यावरच्या विंडो हाताळणाऱ्या नव्या पद्धतीवर) अ‍ॅपला सगळीकडच्या कळा परस्पर ऐकता येत नाहीत. म्हणून यूलाँचर किंवा अल्बर्टचा शॉर्टकट त्याच्या सेटिंगमध्ये न देता डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये द्या आणि त्याला लाँचर उघड-बंद करणारी आज्ञा जोडा.

एवढं करूनही काही उरलं तर संगणकावर नवं वापरकर्ता खातं तयार करा आणि तिथे लाँचर कोऱ्या सेटिंगने चालवा. तिथे चालला तर दोष तुमच्या खात्यातल्या सेटिंगमध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे. प्लगइन निम्मे बंद करा, मग उरलेल्यांचे निम्मे, असं करत जा; दोषी लवकर हाती येतो. नव्या खात्यातही अडला तर निर्मात्याला लिहा, आणि लिहिताना सिस्टिमची व लाँचरची नेमकी आवृत्ती, वर सांगितलेल्या चाचण्यांचे निकाल आणि लॉग द्या. लॉग पाठवण्याआधी तो स्वतः उघडून वाचा. प्लगइनची एपीआय की (बाहेरच्या सेवेशी जोडणारा गुप्त कोड), क्लिपबोर्डवरून आलेला मजकूर किंवा ग्राहकाच्या फाइलीचं नाव त्यात आलं असेल तर ती ओळ काढा, आणि की दुसऱ्या कुणाला आधीच गेली असेल तर ती रद्द करून नवी घ्या.